६१७४ हा फक्त १० चा योगायोग आहे का? देवळालीच्या कापरेकर मास्तरांची गोष्ट

एक चार अंकी संख्या घ्या. चारही अंक एकसारखे नसावेत, एवढीच अट. उदाहरणासाठी १९०५ घेऊ.

आता हे अंक उतरत्या क्रमाने लिहा: ९५१०. मग चढत्या क्रमाने: ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर आलं ९३५१. या उत्तराचं पुन्हा तेच करा, आणि करत राहा.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या पायरीला ६१७४ आलं. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून दुसरी कुठलीही संख्या घेऊन बघा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबाल.

या संख्येला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. आणि वर उदाहरणाला घेतलेलं १९०५ हे तो शोधणाऱ्या माणसाचं जन्मसाल आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळच्या देवळालीतले शाळामास्तर. ६१७४ मुळे त्यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आपण १० च्या पद्धतीत आकडे लिहितो म्हणून ही गंमत घडते. माणसाला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पद्धतीत लिहीत असतो, तर ६१७४ चं काय झालं असतं? मग कापरेकरांनी जे शोधलं तो गणिताचा नियम होता, की आपल्या दहा बोटांचा योगायोग?

हा प्रश्न कापरेकरांच्या सगळ्या कामावर आयुष्यभर टांगलेला होता.

डहाणूचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. पुढे वडिलांनीच वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे बेरजा, वजाबाक्या, भागाकार आलेच. घरात आकडेमोडीचं वातावरण होतं आणि मुलाने त्यातलं ज्योतिष सोडून आकडे तेवढे उचलले.

शाळा ठाण्यात झाली. तिथे त्यांना कोडी सोडवायचा आणि झटपट हिशोबाच्या युक्त्या शोधायचा छंद लागला. तासन् तास ते त्यातच असायचे.

पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. स्वतंत्र, नवं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिलं जायचं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली.

औपचारिक शिक्षण इथेच संपलं. एम. एस्सी. नाही, पीएच. डी. नाही. १९३० मध्ये ते देवळालीत शाळामास्तर म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. बत्तीस वर्षं.

डोंबिवली स्टेशनवरची संख्या

कापरेकरांना संख्यांची नावं ठेवायची हौस होती आणि त्या नावांत त्यांचं जग दिसतं.

कॉलेजच्या दिवसांत त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे डोंबिवली. त्या काळच्या जीआयपी रेल्वेच्या या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. यातल्या सर्वात प्रसिद्ध संख्या सगळ्यांनी शाळेत पाहिलेल्या असतात.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

चढत जायचं आणि तसंच उतरायचं.

मग 'हर्षद' संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद. १८ घ्या. १ + ८ = ९ आणि १८ ला ९ ने भाग जातो. त्यांचं जन्मसाल १९०५ हेही हर्षद आहे: अंकांची बेरीज १५, आणि १५ × १२७ = १९०५. खुद्द ६१७४ सुद्धा हर्षद आहे. अंकांची बेरीज १८ आणि १८ × ३४३ = ६१७४.

ज्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात त्यांची गंमत वेगळी. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा: २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसंच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९. तीन अंकांतही अशा संख्या सापडतात. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

आणि 'स्वयंभू' संख्या. एक संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ + ५ म्हणजे ६ मिळवले की २१ येतात. म्हणजे १५ हा २१ चा जनक. पण २० चा जनक शोधायला जा, सापडणारच नाही. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाहीत. देवळातल्या स्वयंभू मूर्तीसारखी ही संख्या कुणी घडवलेली नाही, ती आपली आपणच आहे. १९६३ मध्ये कापरेकरांनी या संख्यांवर स्वतःच पुस्तिका छापली. या संख्यांना पुढे देवळालीचंही नाव मिळालं. कुठल्या तरी गणिती यादीत 'देवळाली संख्या' असा शब्द दिसला तर तो हाच.

हसणारे लोक

हे सगळं कापरेकर नोकरी सांभाळून करत होते. गणिताच्या परिषदांना जायचे, कॉलेजांत व्याख्यानं द्यायचे. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ बद्दल सांगितलं. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला.

पण मोठ्या गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांना फारसं कुणी मनावर घेतलं नाही. भारतातले कित्येक चांगले गणिती त्यांच्या कामाला हसायचे. त्यांच्या लेखी ही करमणूक होती, गणित नव्हतं. लेख बरेचदा लहानसहान नियतकालिकांत यायचे, नाहीतर कापरेकर स्वतः पदरमोड करून पुस्तिका काढायचे.

हसणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते साधं नव्हतं. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी हे त्या काळातलं गणितातलं फार मोठं नाव. त्यांनी १९४० मध्ये गणितज्ञाच्या आयुष्याबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अंकांच्या अशाच गमतींची उदाहरणं घेतली. त्यातलं एक होतं ९८०१. ही संख्या उलटी केली की १०८९ होते आणि १०८९ ला ९ ने गुणलं की ९८०१. हार्डींचं म्हणणं असं, की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, पण खऱ्या गणितज्ञाला यात काही नाही. कारण यातून पुढे काही निघत नाही, त्याचा व्यापक नियम होत नाही.

९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. वर आलेल्या कापरेकर संख्येतलाच तो आकडा. हार्डींनी कापरेकरांचं नाव घेतलेलं नव्हतं, पण वार बरोबर तिथेच बसत होता जिथे कापरेकरांचं आयुष्य गुंतलेलं होतं.

मुद्दा समजून घेऊ: संख्या वेगळी, तिचं लिहिणं वेगळं

टेबलावर तेरा आंबे आहेत. ते 'तेरा' असणं ही त्या आंब्यांची गोष्ट. पण आपण ते १३ असं लिहितो, कारण आपण दहा-दहाचे गट करतो: एक गट दहाचा आणि वर तीन. पाच-पाचचे गट केले तर दोन गट होतील आणि वर तीन उरतील. म्हणून पाचाच्या पद्धतीत तेच तेरा आंबे '२३' असे लिहिले जातील. आठाच्या पद्धतीत '१५'. दोनाच्या पद्धतीत, म्हणजे कॉम्प्युटर वापरतो त्या द्विमान पद्धतीत, '११०१'. गट केवढ्याचे करायचे, त्या आकड्याला पाया म्हणतात.

हे ऐकायला अवघड वाटलं तरी आपल्याकडे ते रोजच्या व्यवहारात होतं. कापरेकर शिकवत होते त्यातल्या बहुतेक वर्षांत बाजारात बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया होता. शंभर पैशांचा दशमान रुपया आला तो १ एप्रिल १९५७ ला. त्याआधीच्या पिढ्या वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या बाराचे आणि सोळाचे गट करत होत्या.

आता आक्षेप नीट दिसेल. तेरा ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला कुणी भागत नाही. हे कुठल्याही पायात खरं राहतं. तेरा आंबे सारख्या रांगांत मांडता येत नाहीत, मग ते तुम्ही कसेही लिहा. हा संख्येचा स्वतःचा गुण. पण 'अंकांची बेरीज' हा गुण मुळात संख्येचा आहे का? तेराच्या अंकांची बेरीज दहाच्या पद्धतीत ४, पाचाच्या पद्धतीत ५, द्विमान पद्धतीत ३. लिहिण्याची पद्धत बदलली की बेरीज बदलली.

म्हणजे हर्षद, स्वयंभू, ६१७४ हे सगळं संख्यांबद्दल नाही, तर आपण त्या लिहितो कशा याबद्दल आहे, असं म्हणता येतं. आणि दहाचा पाया तर निसर्गाने दिलेला, बोटं मोजून ठरलेला.

मग पाया बदलून बघू

आक्षेप खरा की खोटा हे तपासायचा एकच मार्ग आहे. पाया बदलायचा आणि काय मरतं, काय जगतं ते बघायचं.

आधी ९८०१ च घेऊ. पाया ५ केला तर सर्वात मोठा अंक ९ नसतो, ४ असतो. तिथे ९९ च्या जागी ४४ येईल. पाचाच्या पद्धतीत ४४ चा वर्ग होतो ४३०१. तोडा: ४३ + ०१ = ४४. आणि उलटा केला की १०३४, ज्याला ४ ने गुणलं की पुन्हा ४३०१. आठाच्या पद्धतीत ७७ चा वर्ग ७६०१, आणि ७६ + ०१ = ७७. उलटा केला की १०६७, आणि त्याची सातपट ७६०१.

म्हणजे हार्डींनी ज्याचा व्यापक नियम होत नाही म्हटलं, ते उदाहरण पाया कितीही वाढवला तरी जसंच्या तसं उभं राहतं. दहाच्या पद्धतीत ९ जे काम करतो, ते प्रत्येक पद्धतीत पायाहून एकने लहान असलेला अंक करतो.

डेम्लोचंही तसंच. ११ चा वर्ग १२१ हे तीनपासून पुढच्या प्रत्येक पायात खरं आहे.

हर्षद संख्यांचं मात्र वेगळं आहे. बहुतेक हर्षद संख्या पाया बदलला की हर्षद राहत नाहीत. बारा ही संख्या जवळजवळ सगळ्या पायांत हर्षद आहे, पण एकट्या आठाच्या पायात नाही. तिथे बारा '१४' असे लिहिले जातात, अंकांची बेरीज ५ आणि बाराला पाचाने भाग जात नाही. कुठलाही पाया घेतला तरी हर्षद राहणाऱ्या संख्या फक्त चार: १, २, ४ आणि ६.

इथे गंमत बघा. गुण पायावर अवलंबून आहे हे खरंच निघालं. पण 'सगळ्या पायांत टिकतील अशा किती?' हा प्रश्न विचारला की उत्तर पायावर अवलंबून राहत नाही. ते पक्कं आहे: चार.

स्वयंभू संख्यांनी तर आणखी स्वच्छ उत्तर दिलं. पाया विषम घ्या, समजा ५. पाचाच्या पद्धतीत स्थानांच्या किमती १, ५, २५, १२५ अशा सगळ्या विषम असतात. त्यामुळे संख्या विषम असेल तर तिच्या अंकांची बेरीजही विषम, आणि संख्या सम तर बेरीजही सम. दोन्ही विषम किंवा दोन्ही सम संख्या मिळवल्या की उत्तर नेहमी सम येतं. म्हणजे कुठल्याही विषम संख्येला जनक असूच शकत नाही. विषम पायात प्रत्येक विषम संख्या स्वयंभू! सम संख्यांपैकी एकही स्वयंभू नसते, हेही पुढे सिद्ध झालं. दहाच्या पायात विखुरलेल्या दिसणाऱ्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या संख्या विषम पायात शिस्तीत रांगेत उभ्या राहतात.

पेन्शन, शिकवण्या आणि एक अमेरिकन सदर

कापरेकर १९६२ मध्ये निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नी गेली. त्यानंतर पेन्शन पुरेना. तसे ते अत्यंत काटकसरीने राहायचे, आकड्यांशिवाय त्यांना कशाची चैन नव्हती. तरीही पोटासाठी त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्यांच्या नावाने संख्या ओळखल्या जातात तो माणूस साठी उलटल्यावर घरोघरच्या मुलांचा अभ्यास घेत होता.

मग १९७५ साल आलं. अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती करमणुकीचं सदर लिहायचे. जगभरचे हौशी लोक, विद्यार्थी आणि मोठमोठे गणितीही ते सदर वाचायचे. मार्चच्या अंकात गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिलं. सत्तरीतले कापरेकर एकदम जगाला माहीत झाले. ज्याला देवळालीबाहेर मोजके लोक ओळखत होते त्या मास्तरांचं काम आता अनेक देशांतले लोक कागद-पेन्सिल आणि कॉम्प्युटर घेऊन तपासू लागले.

जर्मनीतून आलेलं उत्तर

पण गार्डनर यांचं सदर करमणुकीचंच होतं. हसणारे म्हणू शकले असते, आम्ही तेच तर म्हणत होतो.

खरं उत्तर तीन वर्षांनी आलं. हेल्मुट हासे हे विसाव्या शतकातल्या संख्या सिद्धांतातलं फार वजनदार नाव. त्यांच्या नावाचं 'हासे तत्त्व' आजही विद्यापीठांत शिकवलं जातं. १९७८ मध्ये या हासेंनी जी. डी. प्रिचेट यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला. विषय: चार अंकी कापरेकर स्थिरांक नेमके कुठल्या कुठल्या पायांत असतात? तो छापला 'क्रेले जर्नल'ने. १८२६ पासून चालू असलेलं, गणितातलं जगातलं सर्वात मानाच्या नियतकालिकांपैकी एक.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर समजायला ६१७४ ची रचना बघू. पायाचा पाचवा भाग घ्या. दहाचा पाचवा भाग २. आता पहिला अंक त्याची तिप्पट: ६. दुसरा अंक त्याहून एक कमी: १. तिसरा त्याच्या चौपटीहून एक कमी: ७. चौथा त्याची दुप्पट: ४. झालं ६१७४.

आता पाया ५ करा. पाचवा भाग १. मग अंक येतात ३, ०, ३, २. खरंच तपासा: ३०३२ चे अंक उतरत्या क्रमाने ३३२०, चढत्या क्रमाने ०२३३. वजाबाकी करताना हातचा दहाचा नाही, पाचाचा घ्या. उत्तर येतं ३०३२. पाचाच्या पद्धतीतलं हे ६१७४ च आहे, वेगळ्या कपड्यांत. आणि तिथेही प्रत्येक चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, ३०३२ वरच येऊन थांबते.

पाचाने भाग जाणाऱ्या प्रत्येक पायात अशी स्वतःवर फिरून येणारी संख्या असते. पण सगळ्याच पायांत बाकीच्या संख्या तिच्याकडे येत नाहीत. उदाहरणार्थ २० च्या पायात काही संख्या वाटेत एका फेऱ्यात अडकतात आणि तिथेच गोल गोल फिरत राहतात. हासे आणि प्रिचेट यांनी दाखवलं, की सगळ्या वाटा एकाच संख्येकडे जातील असे पाये म्हणजे ५, १०, ४०, १६० आणि पुढे दर वेळी चौपट. बाकी कुठलाही नाही.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: माणसाला आठ बोटं असती, तर चार अंकांत ही गंमत नसती. दहा बोटांमुळे ती आपल्या वाट्याला आली, हे खरं. पण तो निव्वळ योगायोगही नाही. त्याला कारण आहे, ते दहाच्या पोटातल्या पाचात आणि दोनात आहे, आणि ते सिद्ध करता येतं. हार्डींनी ज्या व्यापक नियमाची अट घातली होती तो नियम सापडला होता.

शिवाय आठ बोटांच्या माणसाची अगदीच निराशा झाली नसती. त्याने तीन अंक घेतले असते तर? दहाच्या पद्धतीत तीन अंकी संख्यांचं हेच केलं की ४९५ येतं. आठाच्या पद्धतीत ३७४ येतं. सहाच्या पद्धतीत २५३. प्रत्येक सम पायात असा एक तीन अंकी स्थिरांक असतो. मधला अंक पायाहून एकने लहान, शेवटचा पायाच्या निम्मा, पहिला त्याहून एक कमी. उलट आपल्या दहाच्या पद्धतीतच पाच अंक घेतले तर एकही स्थिरांक मिळत नाही, संख्या तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत वाटल्या जातात.

नंतरचं

कापरेकर १९८६ मध्ये देवळालीतच वारले. शेवटपर्यंत ते संख्यांशी खेळतच होते.

त्यांच्यामागे त्यांच्या कामाचा अभ्यास थांबला नाही. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांवर निबंध लिहिला. ४५, ५५, २९७ यांसारख्या संख्या नुसत्या शोधत बसायची गरज नाही, तर ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या विभाजकांवरून त्या एकेक करून काढता येतात, हे त्यांनी दाखवलं. ४५ × ४४ = १९८०, आणि १९८० म्हणजे ९९ ची वीसपट. सगळं त्या ९९ मध्ये दडलेलं आहे.

त्याच निबंधात पाया २ केल्यावर काय होतं तेही आहे. सहा ही 'परिपूर्ण' संख्या आहे, कारण तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २ आणि ३ मिळवले की ६ च होतात. पुढची परिपूर्ण संख्या २८. या संख्यांचा अभ्यास युक्लिडच्या काळापासून, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षं चालू आहे. आता सहाचा वर्ग छत्तीस द्विमान पद्धतीत लिहा: १००१००. तो १० आणि ०१०० असा तोडा. द्विमानात १० म्हणजे दोन आणि ०१०० म्हणजे चार. बेरीज सहा! द्विमान पद्धतीत सहा ही कापरेकर संख्या आहे. अठ्ठावीससुद्धा आहे. आणि इयानुची यांनी सिद्ध केलं, की प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या असते.

परिपूर्ण असणं हा गुण पायावर अवलंबून नाही. सहा आंब्यांच्या रांगा कुठल्याही भाषेत, कुठल्याही अंकांत त्याच राहतात. गणितातली ती सर्वात जुनी आणि सर्वात प्रतिष्ठित गोष्ट. आणि एका शाळामास्तराने वर्ग मधोमध तोडून बघायचा जो खेळ मांडला, त्याचा धागा पाया बदलल्यावर तिथपर्यंत जाऊन पोचला.

कापरेकरांनी मोठी प्रमेयं सिद्ध केली नाहीत. त्यांनी दहाच्या पद्धतीत आकडे मांडले, न कंटाळता वजाबाक्या केल्या आणि काहीतरी विचित्र दिसलं की ते लिहून ठेवलं. ते विचित्र का घडतं, हे शोधायला पुढे क्रेले जर्नलमध्ये लिहिणारे लोक आले. प्रश्न त्यांना देवळालीच्या मास्तरांकडून मिळाला होता.

आजही प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी ६१७४ चा प्रोग्रॅम लिहायला सांगतात. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर प्रोग्रॅम चालल्यावर त्याला एवढंच सांगा: आता पाया बदल आणि पुन्हा चालवून बघ.